छोट्या गेम स्टुडिओंसाठी यूएक्स रिसर्चची कामं कशी मिळवायची आणि कशी करायची

तुम्ही ॲप, वेबसाइट वगैरेंसाठी यूएक्स रिसर्च, म्हणजे वापरणारा माणूस कुठे अडतो, त्याला काय कळत नाही हे बघायचं काम, करत असाल आणि आता गेम्सकडे वळायचं डोक्यात असेल, तर मोठ्या स्टुडिओंमध्ये अर्ज टाकत बसण्याआधी तीन-चार जणांच्या छोट्या टीम्सकडे बघा. मोठ्यांकडे स्वतःचे रिसर्चर असतात, लॅब असतात. हेलो ३ च्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या लॅबमध्ये सुमारे ६०० लोकांकडून जवळपास ३,००० तास तो गेम खेळवून घेतला होता, प्लेयर कुठे मरतात कुठे भरकटतात याचे नकाशे काढून लेव्हल्स बदलल्या होत्या. छोट्या टीमकडे यातलं काहीच नसतं. तिथे जो कोड लिहितो तोच ट्रेलर कापतो, तोच स्टोअरचं पेज भरतो, आणि गेम त्याने स्वतः इतक्या वेळा खेळलेला असतो की नवीन माणसाला तो कसा दिसेल हे त्याला आता कळणंच शक्य नसतं.

फक्त एक लक्षात घ्या, या लोकांना "रिसर्च" विकत घ्यायचा नसतो. त्यांच्यासमोर एखादा निर्णय अडलेला असतो, ट्युटोरियल ठेवायचं की काढायचं, पहिला बॉस (लेव्हलच्या शेवटचा मोठा शत्रू) फार अवघड आहे का, डेमो इथे संपवू की अजून एक लेव्हल देऊ, असलं काहीतरी, आणि त्यावर दोन पार्टनर महिनाभर वाद घालत असतात. तुम्ही तो वाद मिटवायला मदत करणार आहात. मेथड, फ्रेमवर्क, पर्सोना हे शब्द पहिल्या मेसेजमध्ये आले की समोरचा वाचणं थांबवतो, कारण त्याला वाटतं ही मोठ्या कंपन्यांची चैन आहे.

आधी हातात काहीतरी असू द्या

गेमचं काम दाखवायला नसेल तर कोण विचारणार, आणि केलेलं काम बऱ्याचदा एनडीएमध्ये, म्हणजे गुप्ततेच्या करारात, अडकलेलं असतं त्यामुळे दाखवता येत नाही. यावर सोपा उपाय गेम जॅमचे, म्हणजे थोड्या दिवसांत गेम बनवायच्या स्पर्धांमधले, गेम्स. लूडम डेअर २००२ पासून चालू आहे, ग्लोबल गेम जॅम २००९ पासून, आणि इच डॉट आयओ या छोट्या गेम्सच्या वेबसाइटवर तर सतत कुठलातरी जॅम चालूच असतो. अशा जॅममधला एखादा छोटा गेम निवडा, बनवणाऱ्याला आधी विचारा, चार-पाच लोकांना खेळवा, दोन पानांचा रिपोर्ट आणि काही क्लिप्स त्याला द्या आणि हे पोर्टफोलिओत टाकू का विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. असे दोन-तीन झाले की पुरे, त्यापुढे फुकट काम करू नका. फुकट दिलेला रिपोर्ट लोक वाचतातही फुकटच्यासारखाच, म्हणजे नंतर कधीतरी. आयजीडीए म्हणजे गेम डेव्हलपर्सची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्याखाली गेम्स रिसर्च आणि यूएक्सवाल्यांचा एक गट आहे, तिथे याच कामातली माणसं भेटतात, तिथेही डोकावून या.

मेसेज काय पाठवायचा

आधी डेमो खेळा. हे सांगायला लागू नये पण न खेळता पाठवलेले मेसेज या लोकांना रोज येत असतात, मार्केटिंगवाले, ट्रान्सलेशनवाले, फुकट कीज (गेम उघडायचे कोड) मागणारे, त्या ढिगात तुमचाही जाईल. खेळताना स्क्रीन रेकॉर्ड करा, ओबीएस फुकट आहे आणि पुरेसं आहे. मग असं काहीतरी लिहा:

"तुमचा डेमो खेळलो. दोरीने झुलण्याचा जो प्रकार आहे तो मस्त जमलाय. दुसऱ्या खोलीतला लिव्हर ओढता येतो हे मात्र मला बराच वेळ कळलं नाही, भिंतीवरची सजावट वाटली, त्या भागाची छोटी क्लिप सोबत जोडलीये. हे फक्त माझं झालं की सगळ्यांचं होतंय हे तुमच्या टाइपचे गेम खेळणाऱ्या ५ नवीन प्लेयर्सवर बघून आठवड्याभरात सांगू शकतो. पुढचा बिल्ड कधी काढताय?"

बस. एक खरं कौतुक, एक नेमकी अडचण पुराव्यासकट, एक छोटी ऑफर, एक प्रश्न. (बिल्ड म्हणजे गेमची त्या वेळेपर्यंत तयार झालेली, खेळता येणारी आवृत्ती.) दहा चुकांची यादी पाठवू नका, माणूस दुखावतो आणि शिवाय तुमचं पुढचं काम तुम्हीच फुकट देऊन टाकलेलं असतं.

उत्तर आलं तर बऱ्याचदा हे येईल, "आमच्याकडे टेस्टर आहेत." त्यांचा अर्थ बग शोधणारे. इथे शांतपणे फरक सांगा. बग म्हणजे गेम ठरल्याप्रमाणे चालत नाही. तुम्ही शोधता ते वेगळं, गेम अगदी ठरल्याप्रमाणे चालतोय तरी प्लेयरला भलतंच कळतंय. लिव्हर ओढला तर दार उघडतं, कोड बरोबर आहे, बग काहीच नाही, पण लिव्हर लिव्हरसारखा दिसतच नाही. एवढं उदाहरण दिलं की लगेच समजतं.

वेळ कुठली साधायची

स्टीमवर, म्हणजे पीसी गेम्सच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात, विकणाऱ्या टीमशी बोलताना दोन नियम तोंडपाठ ठेवा कारण त्यावर तुमची सगळी ऑफर उभी राहते. एक, विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करून पैसे मागता येतात, म्हणजे पहिल्या दोन तासांत प्लेयर कंटाळला किंवा गोंधळला तर विक्री उलटी फिरू शकते. दोन, नेक्स्ट फेस्ट, जिथे नवीन गेम्सचे डेमो एकत्र मांडले जातात, ते वर्षातून तीनदा होतं पण एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो. एकदाच मिळणारी संधी आणि तिथे डेमोचं ट्युटोरियल कळत नाहीये, ही भीती खरी आहे, तुम्हाला ती फुगवायची गरज नाही. फेस्टच्या दोन-अडीच महिने आधी टेस्ट झाली तर दुरुस्त करून परत एकदा बघायला वेळ राहतो. आठवडा आधी बोलावलं तर मी सरळ सांगतो की आता फक्त टेक्स्ट, आयकॉन, सेटिंग्ज आणि सबटायटलचा आकार एवढंच बदलता येईल, त्यासाठी पाहिजे तर छोटी टेस्ट करू. लेव्हलची रचना बदलायची वेळ गेलेली असते आणि तेव्हा ती चूक दाखवून उगाच झोप उडवण्यात काय अर्थ.

प्रोटोटाइपच्या वेळी, म्हणजे गेम अजून कच्चा असतानाच, कोणी बोलावलं तर तो क्लायंट जपा, असे कमी असतात.

एकच प्रश्न, आणि इराद्याचा तक्ता

आता खरा भाग, आणि ॲपवरून येणारे लोक इथेच घसरतात. ॲपमध्ये अडथळा दिसला की काढायचा, साधा हिशोब. गेममध्ये अडथळा हाच माल असतो. प्लेयर एका खड्ड्यात पंधरा वेळा पडला, शिव्या दिल्या, आणि सोळाव्या वेळी पार केल्यावर खुर्चीतून उठून ओरडला, तर तिथे काहीही बिघडलेलं नाही. दुसरा प्लेयर एका दारापाशी दोनच मिनिटं घुटमळला, काही बोलला नाही, फक्त चेहरा उतरला, आणि नंतर म्हणाला "मला वाटलं गेम इथपर्यंतच बनलाय", तर तो मोठा प्रॉब्लेम आहे. वरवर मोजलं तर पहिला जास्त अडकला. मग फरक कशावरून करायचा? तर बनवणाऱ्याला तिथे काय घडवायचं होतं त्यावरून, आणि ते फक्त त्यालाच माहीत असतं, बऱ्याचदा त्यानेही ते कधी शब्दांत मांडलेलं नसतं.

म्हणून पहिल्या कॉलवर बसून एक तक्ता भरून घ्या. गेमच्या पहिल्या तासाचे टप्पे करा, सात-आठ पुरतात, आणि प्रत्येक टप्प्यापुढे तीन गोष्टी लिहून घ्या: इथून पुढे जाताना प्लेयरला काय कळलेलं असावं, काय करता यायला हवं, आणि त्याला काय वाटायला हवं. "इथे त्याला एकटं वाटावं." "इथे कळावं की आवाज केला की शत्रू येतात." "इथे तीन-चारदा मरणं ठीक आहे, दहादा नाही." टीममध्ये दोघं असतील तर दोघांकडून वेगवेगळा भरून घ्या, कित्येकदा दोघांची उत्तरंच जुळत नाहीत आणि टेस्टच्या आधीच अर्धा प्रश्न तिथे सुटतो. हा तक्ता नंतर तुमची ढालही होते, त्याबद्दल पुढे.

मग विचारा की या सगळ्यात तुम्हाला कशाची सगळ्यात जास्त धाकधूक आहे. ते उत्तर म्हणजे तुमचा रिसर्चचा प्रश्न. "गेम मजेदार आहे का" हा प्रश्न घेऊ नका, पाच लोकांवरून ते सांगता येत नाही.

पाच लोकांवरून आठवलं. यूजेबिलिटीतले तज्ज्ञ याकोब नील्सन यांचा तो प्रसिद्ध आकडा, ५ लोकांत साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात, तो एका गृहीतावर आहे की एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणींना धडकतो, आणि तो हिशोब आला साध्या सॉफ्टवेअरच्या अभ्यासातून. गेममध्ये वाटा फुटतात, प्रत्येकजण वेगळीकडे जातो, त्यामुळे तो आकडा क्लायंटच्या तोंडावर फेकू नका. पहिला अर्धा-एक तास, जिथे सगळे एकाच वाटेने जातात, तिथे ५-६ लोक छान काम देतात. अवघडपणाचं बॅलन्सिंग, आवडलं-नावडलं याची टक्केवारी, ह्यासाठी खूप जास्त लोक लागतात, त्याला स्टीमची प्लेटेस्ट सुविधा (रिलीजआधी बाहेरच्या लोकांना गेम खेळायला देण्याची सोय) आणि गेममध्येच नोंदी ठेवणं हे बरं.

माणसं कुठून आणायची

टीमचे मित्र, नातेवाईक नकोत, ते चांगलंच बोलतात. टीमच्या डिस्कॉर्डवरचे (चॅट ग्रुपवरचे) फॅनही पहिल्या तासाच्या टेस्टला नकोत, त्यांनी गेमचे व्हिडिओ इतके बघितलेले असतात की त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. (एंडगेम, म्हणजे गेमचा शेवटचा भाग, किंवा बॅलन्ससाठी मात्र तेच लोक सोनं आहेत.) या जॉनरचे (प्रकारचे) गेम्स खेळणारे पण हा गेम माहीत नसलेले असे लोक शोधायचे, त्याच जॉनरच्या इतर गेम्सच्या ग्रुप्समधून मिळतात, मॉडरेटरला विचारून मगच पोस्ट टाका.

निवडीच्या फॉर्ममध्ये "तुम्हाला प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचे गेम) आवडतात का" असं विचारलं की सगळे हो म्हणणार. त्याऐवजी "गेल्या महिन्यात कुठले गेम खेळलात, नावं लिहा" असा मोकळा प्रश्न ठेवा, नावं बघून माणूस कळतो. कीबोर्डवर खेळतो की कंट्रोलरवर हेही विचारा. भरलेले फॉर्म टीमला नावं काढून दाखवा आणि "हे तुमचे प्लेयर आहेत ना" असं लेखी हो घ्या. एक माणूस जास्तीचा ठेवा कारण एकजण येतच नाही. मानधन सगळ्यांना सारखं आणि खेळ अर्धवट सोडला तरी पूर्ण, हे आधीच सांगायचं नाहीतर लोक तुम्हाला खूश करायला खेळत राहतात.

संमती लेखी घ्या, काय रेकॉर्ड होणार, कोण बघणार, कधी डिलीट होणार हे साध्या भाषेत लिहा आणि त्या तारखेला खरंच डिलीट करा. मुलांसाठीचा गेम असेल तर पालकांच्या संमतीशिवाय पाऊल टाकू नका, त्याचे कायदे देशागणिक वेगळे आणि कडक असतात.

सेशन

एक तासाचं धरा. पाच मिनिटं ओळख, पस्तीस-चाळीस मिनिटं खेळ, उरलेल्यात गप्पा. बिल्ड दोन दिवस आधी मागा आणि तो गोठवून ठेवायला सांगा, कारण टेस्टच्या आदल्या रात्री "छोटासा बदल" करायची या लोकांना भारी खाज असते आणि मग सकाळी गेम उघडतच नाही. एक पायलट, म्हणजे सरावाचं, सेशन कराच. मधल्या टप्प्यांच्या सेव्ह फाईल्स मागून ठेवा म्हणजे क्रॅश झालं तर पुन्हा पहिल्यापासून नको.

सुरुवातीला सांगा की हा गेम मी बनवलेला नाही, तुम्ही काहीही बोललात तरी मला वाईट वाटणार नाही. बाहेरचा माणूस असण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे, तो वापरा. मग गप्प बसा. प्लेयर विचारेल "इथे काय करायचं असतं?" तेव्हा "मी इथे नसतो तर काय केलं असतं?" एवढंच. कधी मदत करायची हे टीमबरोबर आधी ठरवा, समजा पाच मिनिटं अडकला तर एक हिंट, आणि दिलेली प्रत्येक हिंट अपयश म्हणून वेळेसकट नोंदवा.

"खेळताना मोठ्याने विचार बोलत राहा" असं प्लेयरला सांगायची पद्धत कोडी सोडवायच्या किंवा टर्न घेऊन खेळायच्या गेममध्ये ठीक चालते. फास्ट ॲक्शन गेममध्ये बोलताना माणूस मरतो आणि वाईट खेळतो, तिथे गप्प खेळू द्या आणि नंतर रेकॉर्डिंग लावून "इथे काय डोक्यात होतं" विचारा. गप्पांमध्ये आवडलं का विचारण्यापेक्षा "हा गेम मित्राला समजावून सांगा, कसा खेळतात" असं म्हणा. जे चुकीचं सांगतील तेच त्यांना कळलेलं नाही, तक्त्याशी ताडून बघा.

टीमला लाइव्ह बघायला बोलवा, आवाज आणि कॅमेरा बंद ठेवून. स्वतःच्या डोळ्यांनी दोन माणसं त्याच दारापाशी अडकलेली बघितली की तुमच्या रिपोर्टचं अर्धं काम तिथेच होतं. फक्त पहिल्या सेशननंतर लगेच सगळं बदलायला सुटतात, त्यांना आवरा. अर्थात कारण अगदी स्पष्ट असेल, एखादा बटणाचा प्रॉम्प्ट दिसतच नाही वगैरे, तर दोन सेशन्सच्या मध्येच बदलून पुढच्या माणसावर बघता येतं. याला राइट (RITE, झटपट बदलत-बदलत टेस्ट करायची पद्धत) म्हणतात, मायक्रोसॉफ्टमधल्या लोकांनी एज ऑफ एम्पायर्स २ च्या ट्युटोरियलवर हे केलं आणि २००२ मध्ये त्यावर पेपर लिहिला. खरं तर छोट्या टीमला हे मोठ्यांपेक्षा सोपं पडतं, बदल करणारा माणूस कॉलवरच बसलेला असतो, परवानगी कोणाची घ्यायची नसते.

रिपोर्ट

दोन पानं. चाळीस स्लाइड्स कोणी वाचत नाही. प्रत्येक अडचणीला: काय झालं, ६ पैकी किती जणांचं, तक्त्यातल्या कुठल्या ओळीच्या विरुद्ध गेलं, तुमच्या मते कारण काय, किती गंभीर, आणि वीस-तीस सेकंदांची क्लिप. "६७ टक्के" लिहू नका, "६ पैकी ४" लिहा. जे छान चाललं तेही लिहा, नाहीतर दुरुस्तीच्या नादात तेच मोडून टाकतात. आणि हे सगळं ते ज्यात कामं लावतात, ट्रेलो असो की गिटहब, तिथेच कार्ड्स करून टाका.

उपाय स्वतः लिहून देऊ नका असं माझं मत. तुम्हाला सुचलेला उपाय त्यांच्या आर्टमध्ये, कोडमध्ये, वेळेत बसतो का हे तुम्हाला माहीत नसतं. "लिव्हर चमकवा" लिहिलं आणि त्यांचा अख्खा गेम चमकणाऱ्या गोष्टी न दाखवण्यावर उभा असेल तर तुमचा बाकीचा रिपोर्टही बाद. त्यापेक्षा तासाभराचा कॉल ठेवा, कारणं मांडा, उपाय त्यांना सुचू द्या.

त्या कॉलवर कोणीतरी म्हणणारच, "तो माणूस आमचा प्लेयरच नाही." वाद घालू नका, त्यांनीच हो म्हटलेला फॉर्म उघडा. किंवा म्हणतील, "तिथे अडकायलाच हवं." मग तक्ता उघडा, तिथे काय लिहिलंय वाचा. कधीकधी त्यांचं खरं निघतं, तर ती ओळ रिपोर्टमधून काढून टाका, त्यात कमीपणा नाही.

पैसे

तासावर घेऊ नका, पॅकेज ठेवा: एक प्रश्न, ५-६ सेशन्स, रिपोर्ट, कॉल, अमुक दिवसांत. पाच तासांची सेशन्स दिसतात पण माणसं शोधणं, पायलट, क्लिप कापणं धरून पूर्ण आठवडा जातो, भाव त्या हिशोबाने काढा. प्लेयर्सचं मानधन वेगळी ओळ म्हणून दाखवा. अर्धे पैसे आधी. बिल्ड वेळेवर आला नाही आणि सेशन्स रद्द करावी लागली तर त्याचा खर्च त्यांचा, हे लेखी, कारण हे होतंच. विक्रीतला वाटा देतो म्हणाले तर मी नको म्हणतो, गेम कधी येईल, येईल का, हेच ठरलेलं नसतं, आणि शिवाय तुमचा पैसा विक्रीत अडकला की वाईट बातमी सांगताना जीभ अडखळते. बजेटच नसेल तर माणसं न बोलावता स्वतः खेळून केलेला छोटा रिव्ह्यू स्वस्तात द्या, त्यात रंगांधळ्या लोकांना काय दिसेल, टेक्स्ट केवढं आहे, बटणं बदलता येतात का हेही तपासा, फक्त हे तुमचं मत आहे, टेस्ट नाही, असं त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. पब्लिशर (गेमला पैसे देणारी, बाजारात आणणारी कंपनी) असेल तर त्यालाही विचारायला सांगा, कधीकधी असल्या कामाचे पैसे तिकडून निघतात.

आणि कोटेशनमध्येच शेवटी एक छोटं रिटेस्ट घालून ठेवा, दुरुस्तीनंतर ३ नवीन माणसं, तेवढाच भाग. त्या निमित्ताने विचारा की यातलं काय बदललं, काय सोडलं आणि का सोडलं. सोडण्याची कारणं लिहून ठेवा, पुढच्या स्टुडिओशी बोलताना कामाला येतात, आणि क्लिप्स पोर्टफोलिओत वापरायची परवानगीही तेव्हाच मागा, गेम रिलीज झाल्यावर मागितली तर उत्तर यायला महिने लागतात.